रॅगटाइमची लय आणि जॉप्लिनचा हात

१९१६ च्या जून महिन्यातली गोष्ट. एक पियानोवादक एका खास पियानोसमोर बसला होता. त्या पियानोच्या पट्ट्यांना एक यंत्र जोडलेले होते. पट्टी दाबली की पुढे सरकणाऱ्या कागदावर खूण उमटायची, पट्टी सोडली की खूण थांबायची. पुढे त्या खुणांच्या जागी भोके पाडून कागदाची गुंडाळी करायची आणि ती 'पियानोला' नावाच्या स्वयंचलित पियानोत घालायची, की वादक समोर नसतानाही पट्ट्या आपोआप खाली-वर होऊ लागत. ग्रामोफोन अजून खरखरत होता त्या काळात अमेरिकेतल्या खात्यापित्या घरांत संगीत ऐकण्याची ही एक मोठी सोय होती.

वादकाचे नाव स्कॉट जॉप्लिन. वय ४८ च्या आसपास. वाजवत होता ती रचनाही त्याचीच, १७ वर्षांपूर्वी छापलेली 'मेपल लीफ रॅग'. याच रचनेने त्याला नाव मिळवून दिले होते. इतकी वर्षे वाजवून ती त्याच्या बोटांत पुरती मुरलेली असणार. तरीही त्या दिवशीची गुंडाळी आज ऐकली तर चमकायला होते. लय मध्येच अडखळते. डावा हात एखाद्या ठिकाणी घाईने पुढे जातो, पुढच्याच ठिकाणी मागे रेंगाळतो. सुरांमधली अंतरे सारखी राहत नाहीत.

यानंतर जेमतेम नऊ-दहा महिन्यांनी, १ एप्रिल १९१७ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात जॉप्लिनचा मृत्यू झाला. दाखल्यावर कारण लिहिले होते 'डिमेन्शिया पॅरालिटिका'. सोबत सिफिलीसची नोंद होती. मराठीत ज्याला उपदंश किंवा बोलीत 'गरमी' म्हणतात, तोच हा आजार. त्याचे जंतू मेंदूपर्यंत पोचले की काही वर्षांनी बुद्धी, वाणी आणि हातापायांवरचा ताबा सुटत जातो.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निष्कर्ष आपोआप ओठांवर येतो: त्या गुंडाळीत आजार ऐकू येतो. अनेक रसिकांनी, काही अभ्यासकांनीही तसे म्हटले आहे. पण एखाद्याच्या वाजवण्यावरून त्याच्या मेंदूचे निदान करता येते का? हे ठरवायचे तर आधी रॅगटाइम वाजवताना हाताला आणि मेंदूला नेमके काय करावे लागते आणि त्याचा योग्य वेग कोणता, हे पाहायला हवे. वेगावरून तर या संगीतात शंभर वर्षे वाद चालू आहे.

नावातल्या 'रॅग'चा आपल्या रागाशी काही संबंध नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ फाटके, दातेरी. दातेरी कडांची लय, म्हणून रॅगटाइम. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी हा प्रकार घडवला. मिसुरी राज्यातली सेडालिया आणि सेंट लुइस ही त्याची मोठी ठाणी. रचना सारी लिहून, छापून विकली जायची. जॉप्लिन, जेम्स स्कॉट आणि जोसेफ लॅम्ब ही तीन नावे रॅगटाइमचे मुख्य रचनाकार म्हणून घेतली जातात. यातला लॅम्ब गोरा होता.

पियानोवर दोन हातांची कामे इथे स्वच्छ वाटलेली असतात. डावा हात ठेका धरतो. मात्रेवर खालच्या पट्टीतला जड सूर, अर्ध्या मात्रेवर वरच्या बाजूचा सुरांचा झुबका, पुन्हा खाली, पुन्हा वर. लष्करी बँडमधल्या मोठ्या ढोलासारखी ही चाल अढळ राहते. उजवा हात मात्र मात्रेवर येण्याचे टाळतो. मात्रेचे चार भाग पाडले तर त्याचा आघात पाव मात्रा आधी पडतो, नाहीतर पाव मात्रा उशिरा. ज्यांनी तबला ऐकला आहे त्यांना हे परके वाटू नये. समेच्या अलीकडे किंवा पलीकडे येण्याला आपल्याकडे अनागत आणि अतीत असे शब्द आहेत. फरक इतकाच, की तबलजी आणि गवई ही दोन माणसे असतात. इथे ठेका धरणारा आणि त्याला हुलकावणी देणारा एकाच धडावर बसलेले असतात.

ऐकणाऱ्याच्या मेंदूत काय होते? डाव्या हाताचे चार-सहा ठोके ऐकले की पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज मेंदू बांधतो. या कामात कान आणि श्रवणकेंद्राबरोबर हालचाल घडवणारे भागही सामील होतात: बेसल गँग्लिया नावाच्या मेंदूच्या खोल भागातल्या गाठी, कपाळामागच्या भागातले हालचालींचे नियोजन करणारे क्षेत्र आणि मागच्या बाजूचा लहान मेंदू. माणूस खुर्चीत स्वस्थ बसलेला असला तरी स्कॅनमध्ये हे भाग जागे झालेले दिसतात. पाय ठेका धरू लागतो तो उगीच नव्हे. उजव्या हाताने आघात चुकवला की बांधलेला अंदाज क्षणभर हुकतो, डावा हात त्याला लगेच सावरतो, आणि या हुकण्या-सावरण्यातच मजा असते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ड्रमचे वेगवेगळे ठेके लोकांना ऐकवले गेले. आघात अगदी सरळ मात्रेवर पडणारे ठेके आणि फारच वाकडे-तिकडे पडणारे ठेके, दोन्ही लोकांना तितकेसे हलवू शकले नाहीत. नाचावेसे वाटले ते मधल्या प्रकारावर. रॅगटाइमचे रचनाकार हे नुसत्या कानाने ओळखून होते.

आता वेगाचा मुद्दा. जॉप्लिनला या बाबतीत घाई अजिबात खपत नसे. 'मेपल लीफ रॅग'वर मार्चच्या लयीत वाजवावे अशी सूचना आहे. १९०२ च्या 'दि एंटरटेनर'वर, जलद नको, असे बजावले आहे. १९०५ नंतरच्या कितीतरी रॅगच्या माथ्यावर त्याने खास टीप छापून घेतली, की ही रचना जलद वाजवू नये, रॅगटाइम जलद वाजवणे कधीच बरोबर नसते. काहींवर 'संथ मार्च' असे लिहून मेट्रोनोमचा १०० च्या आसपासचा आकडाही दिला. १९०८ मध्ये त्याने शिकाऊ वादकांसाठी सहा धड्यांची एक छोटी पुस्तिका काढली, तिच्यातही सावकाश वाजवण्याचाच धोशा आहे. एखादा रचनाकार इतक्या वेळा तेच सांगतो, याचा अर्थ लोक ऐकत नव्हते. डॉक्टरांनाही हा अनुभव असतोच.

जॉप्लिनच्या हट्टामागे निव्वळ आवड होती की आणखी काही? थोडे गणित करून पाहता येते. मिनिटाला १०० मात्रा धरल्या तर एक मात्रा ०.६ सेकंदाची होते आणि पाव मात्रा ०.१५ सेकंदाची. हाच वेग १६० वर नेला तर पाव मात्रा ०.०९४ सेकंदावर येते. लय ओळखण्याच्या माणसाच्या क्षमतेवर जे प्रयोग झाले आहेत, त्यांत साधारण एक दशांश सेकंद ही खालची हद्द ठरते. सूर यापेक्षा दाटीने आले तर ते वेगवेगळे ऐकू येतात, पण प्रत्येक सूर लयीतल्या नेमक्या कोणत्या जागी पडला हे मेंदूला पकडता येत नाही. सगळे मिळून एक सळसळ होते. म्हणजे १०० च्या वेगात उजव्या हाताची हुलकावणी हुलकावणी म्हणून कळते. १६० ला ती नुसती चपळाई वाटते. ज्या गोष्टीसाठी रॅगटाइम ऐकायचा, तीच नाहीशी होते.

मार्चच्या लयीलाही शरीरशास्त्राचा आधार आहे. निरोगी माणूस आपल्याच तंद्रीत चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. मिनिटाला १२० पावले हा लष्करी संचलनाचा नेहमीचा वेग इथूनच येतो. 'संथ मार्च' म्हणजे त्याच्या थोडे खाली. दुपारी जेवण झाल्यावर माणूस ज्या वेगाने शतपावली करतो, तेवढा म्हणायला हरकत नाही.

पण ऐकणाऱ्याचे राहू द्या. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची कसरत त्याहून पाहण्यासारखी आहे. पियानोची एक पांढरी पट्टी साधारण सव्वादोन सेंटिमीटर रुंद असते आणि एक सप्तक साडेसोळा सेंटिमीटरचे. खालच्या सुरावरून वरच्या झुबक्यावर जाताना हाताला बऱ्याचदा एक वीत, कधी त्याहून जास्त उडी मारावी लागते आणि डोळे कागदावर किंवा उजव्या हातावर असतात. १०० च्या वेगात अशा उड्या मिनिटाला २००, दर ०.३ सेकंदाला एक. १९५४ मध्ये पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक नियम मांडला. लक्ष्य जितके लांब आणि जितके अरुंद, तितका तिथे अचूक पोचायला वेळ जास्त लागतो. घाई केली तर अचूकपणा जातो, अचूकपणा धरला तर वेग जातो. सुईत दोरा ओवणाऱ्या कोणालाही हे माहीत असते. फिट्सने त्याचे सूत्र केले.

शिवाय हात भलतीकडे चालला आहे ही बातमी स्नायू-सांध्यांकडून मेंदूला पोचून दुरुस्तीचा हुकूम परत यायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग जातो. १६० च्या वेगात दोन उड्यांमध्ये जेमतेम ०.१९ सेकंद उरतात. दुरुस्तीला फुरसतच नाही. अशा वेळी लहान मेंदू आधीच हिशेब करून ठेवतो, हात किती फेकायचा आणि कुठे आवरायचा, आणि हुकूम एकदम पाठवून देतो. हा हिशेब पक्का व्हायला हजारो वेळा तीच उडी सावकाश मारावी लागते. ड्यूक एलिंग्टन या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या वादकाने तरुणपणी वॉशिंग्टनमध्ये 'कॅरोलिना शाउट' ही अवघड रचना कशी शिकून घेतली, त्याची गोष्ट त्याने स्वतः सांगितलेली आहे. पियानोलावर तिची गुंडाळी लावायची, वेग अगदी कमी करायचा, आणि आपोआप खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर आपली बोटे ठेवत जायचे. मज्जाशास्त्राच्या प्राध्यापकालाही याहून चांगली पद्धत सुचली नसती.

मग लोक वेगाने का वाजवत? कारण पोटापाण्याचे होते. कृष्णवर्णीय वादकांना मोठ्या सभागृहांची दारे बंद होती. त्यांना काम मिळे ते दारूच्या गुत्त्यांत आणि वेश्यावस्तीतल्या दिवाणखान्यांत. तिथे वादकांच्या चढाओढी लागत. ऐकणारे प्यायलेले, गलका चाललेला. अशा ठिकाणी नजाकतीपेक्षा वेग उठून दिसतो. लुई शोव्हॅन हा सेंट लुइसचा तरुण अशा चढाओढींतला पट्टीचा खेळाडू. नोटेशन लिहिण्याच्या भानगडीत तो पडला नाही, त्यामुळे त्याची फार थोडी रचना उरली. त्यातली 'हीलियोट्रोप बुके' उरली ती जॉप्लिनने तिच्यात आपला भाग घालून १९०७ मध्ये छापली म्हणून. पुढच्याच वर्षी शिकागोत शोव्हॅन वारला. वय २७. त्याच्या दाखल्यावर मज्जासंस्थेच्या आजाराचे नाव आहे आणि इतिहासकारांचा संशय सिफिलीसवरच आहे. ज्या वस्तीने या वादकांना भाकरी दिली, त्याच वस्तीत हा आजार सर्वांत जास्त पसरलेला होता. यात त्यांच्या चारित्र्याचा पंचनामा करण्यासारखे काही नाही. पेनिसिलिनच्या आधीच्या काळात राजवाड्यांपासून झोपड्यांपर्यंत हा आजार सगळीकडे होता.

जॉप्लिननंतर वेग वाढतच गेला आणि त्यातून नवीन शैलीही जन्मल्या, हे मान्य करायला हवे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जेम्स पी. जॉन्सन, फॅट्स वॉलर यांनी 'स्ट्राइड' शैली घडवली. डाव्या हाताच्या उड्या आणखी लांब झाल्या, वेग चढला, पण त्यांनी उजव्या हाताची वीणही बदलली, त्यामुळे वेगात चव टिकली. 'कॅरोलिना शाउट' याच जॉन्सनची. याच घराण्याच्या वळणाचा एक वादक, टेडी वेदरफर्ड, शिकागोहून निघून शांघायमार्गे १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि तिथल्या बँडचा म्होरक्या झाला. अवाढव्य हातांचा हा माणूस पुढे कोलकात्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला. दूषित पाण्यानेही एका पियानोवादकाचा बळी घेतला, तो असा.

१९३८ मध्ये जेली रोल मॉर्टनने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये केलेले ध्वनिमुद्रण तर वर्गात ऐकवावे असे आहे. 'मेपल लीफ रॅग' आधी त्याने मिसुरीच्या जुन्या पद्धतीने वाजवली आणि लगेच स्वतःच्या न्यू ऑर्लिन्सच्या पद्धतीने. स्वर तेच, पण दुसऱ्या वेळी ठेका झुलू लागतो, डावा हात नुसता ढोल न राहता मध्येच बोलू लागतो. रॅगटाइमकडून जाझकडे जाणारी वाट काही मिनिटांत पायाखालून जाते.

१९५० च्या दशकात मात्र गमतीचा बाजार झाला. पियानोच्या हातोड्यांना पिना टोचून खणखणीत पत्र्यासारखा आवाज काढायचा आणि भन्नाट वेगाने रॅग वाजवायचे, अशा 'हाँकी-टाँक' तबकड्या धडाक्यात खपल्या. त्यातली सर्वांत गाजलेली वादक त्रिनिदादची विनिफ्रेड अ‍ॅटवेल. घरचे औषधांचे दुकान असल्याने ती मुळात फार्मसी शिकलेली होती. तिची १९५२ ची 'ब्लॅक अँड व्हाइट रॅग' ऐकायला मजेची आहे, यात शंका नाही. पण त्या पिढीला वाटू लागले की रॅगटाइम म्हणजे एवढेच. शेवटी १९७० मध्ये जोशुआ रिफकिन या संगीतशास्त्रज्ञाने जॉप्लिनच्या रचना छापील सूचनेनुसार शांतपणे वाजवून दाखवल्या, तेव्हा त्यांतली उदासी लोकांना पहिल्यांदा ऐकू आली. १९७३ च्या 'द स्टिंग' या चित्रपटाने 'दि एंटरटेनर' जगभर नेली. १९७६ मध्ये जॉप्लिनला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. त्याची कबर १९७४ पर्यंत नावाच्या दगडाविनाच होती.

तर ती १९१६ ची गुंडाळी. तिचा न्याय कसा करायचा?

मेंदूचा सिफिलीस संसर्गानंतर साधारण १० ते २५ वर्षांनी डोके वर काढतो. सुरुवात फसवी असते. माणूस चिडखोर होतो, हिशेबात चुकतो, भलत्याच मोठ्या योजना आखतो. मग जीभ आणि हात थरथरतात, उच्चार घसरतात, अक्षर बिघडते. शेवटी स्मृती जाते, अंथरूण धरावे लागते. जॉप्लिनच्या दाखल्यावर मेंदूच्या आजाराचा काळ दीड वर्ष लिहिलेला आहे. म्हणजे १९१५ च्या शरद ऋतूपासून. त्यामुळे जून १९१६ मध्ये त्याचे हात पूर्वीसारखे नसणे अगदी शक्य आहे. चांगला शिकलेला पियानोवादक साधी सुरावट वाजवतो तेव्हा सुरांच्या वेळेतली तफावत सेकंदाच्या एका शतांशाच्या घरात असते. हात थरथरू लागले, अवधान ढळू लागले की ही तफावत वाढणारच.

पण रुग्णाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एकदा घेतलेल्या रक्तदाबावरून कोणाला उच्च रक्तदाबाचा शिक्का मारत नाहीत, आणि इथे तर मोजमापाचे यंत्रच शंकास्पद आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉप्लिनने दुसऱ्या एका कंपनीसाठी वाजवलेल्या गुंडाळ्या नीटस आहेत, त्यांत 'मेपल लीफ'ही आहे. त्यावरून दोन महिन्यांत आजार झपाट्याने वाढला असे म्हणावे, तर त्या काळी कंपनीतले कारागीर भोके पाडताना लय सरळ करून घेत, गाळलेले सूर भरत, वादकाने न वाजवलेलेही घालत. एप्रिलच्या गुंडाळ्यांवर असा हात फिरलेला आहे. म्हणजे त्यांचा सरळपणा जॉप्लिनचा किती आणि कारागिराचा किती, हे सांगता येत नाही. उलट जूनच्या गुंडाळीतला वाकडेपणा जॉप्लिनचा किती आणि खुणा उमटवणाऱ्या यंत्राचा किती, हेही तसेच. शिवाय समकालीनांच्या आठवणींतून दिसते, की निरोगी असतानाही जॉप्लिन चढाओढीत बाजी मारणारा वादक नव्हता. तो मुख्यतः लिहिणारा माणूस.

आणखी एक अडचण ऐकणाऱ्याच्या बाजूची. एक्स-रे पाहण्याआधीच कोणी निदान कानात सांगितले, तर डोळ्यांना सावलीसुद्धा डाग दिसू लागते. गुंडाळी ऐकणाऱ्या प्रत्येकाला जॉप्लिनच्या मृत्यूचे कारण आधीच ठाऊक असते. म्हणून प्रामाणिक उत्तर इतकेच निघते: गुंडाळी आजाराशी जुळते, आजार सिद्ध करत नाही. आजाराचा पुरावा दाखल्यात आहे, आणि १९१५-१६ च्या त्याच्या आयुष्यात आहे. १९११ मध्ये स्वतःच्या पैशाने छापलेला 'ट्रीमोनिशा' हा ऑपेरा १९१५ मध्ये त्याने हार्लेममध्ये कसाबसा करून दाखवला. वाद्यवृंद नाही, पडदे नाहीत, पियानोवर तो एकटा. त्याचे कोणाला काही वाटले नाही. १९१७ च्या सुरुवातीला त्याला आधी बेलव्ह्यू आणि मग वॉर्ड्स आयलंडवरच्या मनोरुग्णालयात न्यावे लागले.

या कथेतली हळहळ वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे तारखा. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि मूर यांनी या आजाराने मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत सिफिलीसचे जंतू दाखवले आणि वेडाचा एक प्रकार जंतूंमुळे होतो हे पक्के झाले. ते संशोधन न्यूयॉर्कच्याच रॉकफेलर संस्थेतले. जॉप्लिन त्याच शहरात राहत होता. निदानासाठी वासरमान चाचणी १९०६ पासून होती. १९१० मध्ये आलेले साल्वर्सान हे आर्सेनिकचे औषध सुरुवातीच्या आजाराला लागू पडे, पण मेंदूत मुरलेल्या आजारावर त्याची मात्रा फारशी चालत नसे. जॉप्लिन गेल्यावर अवघ्या अडीच महिन्यांनी, जून १९१७ मध्ये, व्हिएन्नात वॅग्नर-याउरेग या मनोविकारतज्ज्ञाने अशा रुग्णांना मुद्दाम मलेरियाचे रक्त टोचायला सुरुवात केली. कडक तापाने जंतू मरतात, मग क्विनाइनने मलेरिया आवरायचा. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण काही रुग्ण खरोखर घरी गेले आणि १९२७ मध्ये त्याला नोबेल मिळाले. १९४३ मध्ये जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने सिफिलीस बरा होतो हे चार रुग्णांवर दाखवले. ते कुठे? न्यूयॉर्कच्याच स्टॅटन आयलंडवर.

पेनिसिलिनला हा जंतू आजही बधतो. जंतूंनी औषधांना दाद न देण्याच्या या काळात हे नवलच. सुरुवातीच्या सिफिलीसला बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. मेंदूत पोचलेल्याला शिरेतून १० ते १४ दिवस द्यावे लागते. मात्र जे पेशीसमूह एकदा नष्ट झाले ते परत येत नाहीत. गोम अशी, की पहिला व्रण दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो, त्यामुळे माणसाला वाटते गेले. पुढे अंगावर, तळहात-तळपायांवर पुरळ येतो, तोही विरतो. मग वर्षानुवर्षे सामसूम. रक्ताच्या साध्या चाचणीत तो पकडता येतो. सरकारी रुग्णालयांच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये ही तपासणी आणि उपचार मोफत होतात आणि गरोदर स्त्रियांची चाचणी तर नेमाने केली जाते, कारण आईकडून हा आजार पोटातल्या बाळाला जातो. चाचणी करून घ्यायला लाज आडवी येते. जॉप्लिनच्या काळातही तीच येत होती.

गुंडाळीचे एक राहिले. ती अडखळते हे खरे, पण ती किती वेगाने वाजवली गेली, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. कागदावर फक्त सुरांमधली अंतरे असतात. कागद किती वेगाने ओढायचा, हे पियानोलावरच्या कळीवर अवलंबून. अशा गुंडाळ्यांवर ७० वगैरे आकडा छापलेला असे. त्याचा अर्थ मिनिटाला सात फूट कागद. त्याचा मात्रांशी काही संबंध नाही. त्यातही कागद जसजसा दुसऱ्या रिळावर चढतो, तसतसे ते रीळ जाड होते आणि कागद जरा जास्त जोरात ओढला जातो, त्यामुळे शेवटाकडे लय आपोआप किंचित चढते. जॉप्लिनची ती 'मेपल लीफ' आजही काही हौशी लोक जुन्या पियानोलांवर लावतात. कोणी कळ पुढे सरकवतो, कोणी मागे घेतो, आणि मग पट्ट्या एकट्याच खाली-वर होऊ लागतात.